गोळीची धास्ती, पिशवीची घाई

पाळी जाण्याच्या वयात आपल्याकडच्या बायकांना दोन सल्ले हमखास मिळतात, आणि बऱ्याचदा ते एकाच तोंडून मिळतात. सत्तेचाळिशीची बाई रात्री घामाने निथळते, झोप लागत नाही, सांधे धरलेत, अशी तक्रार सांगते. उत्तर मिळतं, ‘वयाप्रमाणे चालायचंच. हार्मोनच्या गोळ्यांच्या नादी लागू नका, कॅन्सर होतो.’ तीच बाई अंगावरून फार जातं म्हणाली की, ‘मुलंबाळं झालीत ना? मग पिशवी काढून टाका. कटकट गेली.’ त्रास कमी करणाऱ्या गोळीला भ्यायचं आणि अख्खा अवयव कायमचा काढून टाकायला मात्र भ्यायचं नाही, हा कुठला न्याय?

खंडन करायचं तर पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात घ्यावा. तो असा : रजोनिवृत्ती हा निसर्गक्रम आहे. बाईला पाळी येते तशीच ती जाते. आपल्या आज्या-पणज्यांची गेली, त्यांनी कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. उलट आपल्याकडे तर बाईची सुटकाच होते. चार दिवस बाजूला बसणं संपतं, देवघर, लोणच्याची बरणी, पंढरीची वारी, सगळं मोकळं होतं. म्हणजे हा ‘त्रास’ पाश्चात्त्य बायकांचा, तारुण्याला चिकटून बसलेल्या समाजाचा. या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत स्त्रियांशी बोलून 1975 मध्ये लिहिलं की पाळीतल्या बदलांपलीकडे त्यांची फारशी तक्रारच नव्हती. पाळी गेल्यावर पडद्यातून सुटका आणि घरात मान मिळत होता.

यातलं सुटकेचं म्हणणं मला मान्य आहे. शिवाशिवीचा जाच ज्या घरांत आहे तिथे पाळी गेल्याचा आनंद खराच असतो. पण मान वाढला म्हणून हाडांतलं कॅल्शियम टिकत नाही. आणि ‘तक्रार नव्हती’ हे ‘त्रास नव्हता’ याचा पुरावा कसा धरायचा? आपल्याकडच्या पन्नाशीच्या बाईला ‘काही त्रास आहे का?’ असं विचारा, ती ‘नाही, बरी आहे’ म्हणेल. ‘रात्री अंगातून वाफा निघतात का? पदराने वारा घ्यावा लागतो का?’ असं विचारा, मग पाच मिनिटं बोलत राहील. पुढच्या काळात भारतीय बायकांचे जे अभ्यास झाले त्यांत वाफा, झोपमोड, सांधेदुखी, थकवा हे सगळं पुन्हा पुन्हा नोंदलं गेलं आहे. आज्यांनी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही हे खरंच. त्यांना दाखवायला नेलं कोणी?

राहिला निसर्गक्रमाचा मुद्दा. मोतीबिंदू वयाने होतो, प्रसूती निसर्गाने होते. म्हणून मोतीबिंदूवाल्याला चाचपडत बसवत नाही आणि अडलेल्या बाळंतिणीला ‘चालायचंच’ म्हणत नाही. निसर्गाचा दाखला बाईच्या दुखण्यालाच का आठवतो, हे ज्याचं त्याने पाहावं.

आता शरीरात नेमकं होतं काय ते पाहू, कारण ‘मनाचे खेळ’ या शेऱ्याला उत्तर तिथेच आहे. अंडाशयं थकत जातात तसं इस्ट्रोजेन आधी वेडंवाकडं चढतं-उतरतं आणि मग खाली बसतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे. त्याच्याजवळच्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या उधळतात आणि केंद्राला अंशभर उष्णताही असह्य वाटू लागते. नववीच्या वर्गावर गणित शिकवणाऱ्या बाईंचं उदाहरण घ्या. फळ्यावर समीकरण अर्धं लिहून होतं आणि छातीतून वाफ वर चढते. मान, कानशिलं लालबुंद, काळजाची धडधड, घामाची धार चष्म्यावर, ब्लाऊज पाठीला चिकटलेला. तीन-चार मिनिटांत ओसरतं आणि उलट हुडहुडी भरते. मागच्या बाकावरची पोरं बघत असतात. हे दिवसातून आठ वेळा आणि रात्री चार वेळा झालं तर ती बाई चिडचिडी होणार नाही तर काय होईल? घरचे मात्र निदान उलट्या बाजूने करतात : ‘हल्ली फार चिडते, म्हणून झोप लागत नाही.’

आणि हे ‘चार दिवसांचं’ही नसतं. अमेरिकेत अनेक वंशांच्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ अभ्यासात वाफांचा मध्य काळ 7.4 वर्षं निघाला. वर्षभर पाळी आली नाही की पाळी गेली असं मानतात. भारतात हे सरासरी 46-47व्या वर्षी घडतं, पाश्चात्त्य देशांत 51च्या आसपास. म्हणजे आपल्या बाईची इस्ट्रोजेनवाचूनची वर्षं आधी सुरू होतात. पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागली आणि वाफा येऊ लागल्या तर निदानासाठी हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज नसते. थायरॉईड मात्र पाहून घ्यावा, त्याची लक्षणं फार सारखी दिसतात. पाळी लांबतेय म्हणून दिवस राहणार नाहीत या भरवशावरही राहू नये. (चाळिशीनंतरच्या अनपेक्षित पाळण्यांमागे बऱ्याचदा हाच भरवसा असतो.)

दुसरा पूर्वपक्ष जास्त वजनदार आहे, कारण त्याच्या हाती आकडा आहे. ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ ही धास्ती हवेतून आलेली नाही. 2002च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची एक मोठी चाचणी मधेच थांबवण्यात आली. 16,608 बायका, निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढल्याची बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनी रातोरात गोळ्या बंद केल्या. हे 26 टक्के उलगडून पाहिले तर काय दिसतं? गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला 30 जणींना, घेणाऱ्यांत 38 जणींना. दहा हजारांत आठ जास्त. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईच्या रक्तवाहिन्या आणि पन्नाशीच्या बाईच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात. त्याच प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं. ती चाचणीही 2004 मध्ये थांबली, पण पक्षाघाताच्या धोक्यामुळे. स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नव्हता, पुढच्या पाठपुराव्यात तो कमीच दिसला. ही दुसरी बातमी आपल्या दवाखान्यांपर्यंत अजून नीट पोचलेली नाही.

म्हणून धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार पन्नाशीत दोन्ही हार्मोनं रोज सुरू करून पाच वर्षं घेणाऱ्या दर पन्नास बायकांमागे साधारण एकीला, पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान, एरवी झाला नसता असा स्तनाचा कॅन्सर होतो. पन्नासात एक हा आकडा लहान की मोठा? ज्या बाईच्या आईला आणि मावशीला हा रोग झाला तिला तो मोठा वाटेल. झोपेवाचून नोकरी सोडायच्या बेतात आलेलीला लहान वाटेल. दोघींचंही बरोबर आहे, आणि नेमकं म्हणूनच आकडा बाईला सांगायचा असतो. ‘कॅन्सर होतो’ एवढंच म्हणून तिच्या वतीने परस्पर निर्णय घेणं ही काळजी नव्हे.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द सुनवायला हवेत. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टराने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ नावाचं पुस्तक लिहून रजोनिवृत्तीला सरळ कमतरतेचा आजार ठरवलं आणि चिरतारुण्याचं औषध म्हणून इस्ट्रोजेन विकलं. या उद्योगाला औषध कंपनीचा पैसा होता हे नंतर बाहेर आलं. 1975 पर्यंत दिसून आलं की गर्भाशय जागेवर असताना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायचंच, हा नियम झाला. आज तोच बाजार नव्या वेष्टनात आलाय : कोलॅजनच्या पुड्या, ‘नैसर्गिक’ हार्मोनच्या त्वचेखाली बसवायच्या गोळ्या, रजोनिवृत्तीसाठी म्हणून खास महाग केलेला चहा. हार्मोन सुरकुत्यांसाठी नाहीत. वाफा, घाम, त्यातून मोडणारी झोप, योनीचा कोरडेपणा आणि हाडांची झीज, इतक्यावर त्यांचा गुण पक्का आहे. सोयाबीनचा थोडाफार उपयोग काहींना होतो. शतावरीच्या बाजूने ठोस पुरावा अजून तोकडा आहे; ती घेतल्याने बरं वाटत असेल त्यांच्याशी माझं भांडण नाही, मात्र तिच्या भरवशावर हाडं सोडू नयेत.

तर मंडन असं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर जाचक असेल तर हार्मोन हा सर्वांत गुणकारी उपाय आहे, आणि बहुतेक निरोगी बायकांत त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त भरतो. स्तनाचा कॅन्सर झालेली, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेली, यकृताचा गंभीर आजार असलेली किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होणारी बाई यातून वगळायची. इस्ट्रोजेन गोळीऐवजी कातडीवर चोळायच्या जेलमधून घेतलं तर गुठळीचा धोका वाढताना दिसत नाही. नुसता कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, पुन्हा पुन्हा होणारी लघवीची जळजळ, एवढंच असेल तर योनीत लावायचं कमी मात्रेचं मलम पुरतं. ते रक्तात फारसं उतरत नाही. सत्तरीच्या कितीतरी बायका वर्षातून चार वेळा लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक घेतात आणि या मलमाचं नावही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. लाजेपोटी विचारणारी विचारत नाही, सांगणारा सांगत नाही.

हार्मोन नको असतील तरी हात रिकामे नाहीत. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफांवर चालतात, गॅबापेंटिन रात्रीच्या घामावर चालतं. मेंदूतल्या त्या उधळलेल्या पेशींवरच थेट काम करणाऱ्या फेझोलिनेटंटला 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वजन पेलून करायचा व्यायाम हाडांना हवाच. सकाळच्या नुसत्या फेरफटक्याने तेवढं भागत नाही.

आता पिशवीकडे येतो. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत रक्तस्राव वाढणं फार सर्रास आहे. अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर नाही याची खात्री केली की रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, तांबीसारखं गर्भाशयात बसवायचं हार्मोनयुक्त साधन असतं. ऑपरेशन शेवटी. आपल्याकडे ते पहिलं होतं. बीड जिल्ह्यात 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत गर्भाशय काढायच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्या, असं 2019च्या जूनमध्ये विधान परिषदेत सांगण्यात आलं. याच प्रश्नावर नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. कारणं फडातच होती. मुकादमाची उचल अंगावर, एका दिवसाचा खाडा म्हणजे कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, दंड, पालात ना पाणी ना आडोसा. पाळीच नको, असं वाटायला आणखी काय लागतं? वर ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगणारा सोनोग्राफीवाला भेटतोच.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती एका दुपारीत होते. ती ठेवली तरी नेहमीपेक्षा लवकर थकू शकतात. एवढ्या लवकर इस्ट्रोजेन गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईला निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, यावर जगभरच्या तज्ज्ञांत फारसा वाद नाही. पन्नाशीनंतरच्या बाईबद्दल जो वाद आहे तो इथे लागूच होत नाही. आणि हिलाच ते मिळत नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर लोह-कॅल्शियम लिहिलेलं असतं आणि कमरेचं दुखणं घेऊन ती पुढच्या हंगामाला कोयता उचलते.

‘हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचे चोचले, सरकारी दवाखान्याला यासाठी वेळ कुठे?’ हा शेवटचा आक्षेप म्हणूनच मला सर्वांत पोकळ वाटतो. गरज सर्वांत मोठी आहे ती गावाकडे, आणि यंत्रणाही आधीच उभी आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. तिशीपुढच्या प्रत्येकीसाठी आशाताई घरोघर जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात पाळी गेल्यावर रक्त जातं का हा प्रश्न आहेच, आणि तो योग्यच आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दवाखाना गाठायलाच हवा. त्याच कागदावर आणखी तीन ओळी मावतील : पाळी कितव्या वर्षी थांबली, पिशवी काढली असेल तर अंडाशयं ठेवली की काढली, आणि रात्री झोप लागते का.