पुस्तकाशी गट्टी : डोक्यात कविता ठेवणारा मुलगा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना पाढे पाठ करायचा कंटाळा येतो? हात वर करा बघू! आज ज्या मुलाची ओळख करून देणार आहे, त्याने पाढे नाही, पण स्वतःच्या कवितांवर कविता डोक्यात साठवून ठेवल्या होत्या. हौस म्हणून नाही बरं का. त्याला लिहिताच येत नव्हतं.

या मुलाचं नाव जॉर्ज मोझेस हॉर्टन. त्याच्यावरच्या इंग्रजी चित्रमय पुस्तकाचं नाव आहे 'पोएट', म्हणजे कवी. डॉन टेट यांनी ते लिहिलंय आणि चित्रंही त्यांनीच काढलीत. पुस्तक 2015 साली निघालं.

जॉर्जचा जन्म 1798 च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. तो गुलाम होता. गुलाम म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. नोकराला पगार मिळतो, काम आवडलं नाही तर तो सोडून जाऊ शकतो. गुलाम मालकाच्या मालकीचा. गाय-बैल, नांगर, तसाच तो. मालकाच्या घरी वाटण्या झाल्या की गुलामांच्याही वाटण्या व्हायच्या. 1814 साली तसंच झालं. जॉर्ज मालकाच्या मुलाच्या वाट्याला आला आणि त्याच्या घरच्या माणसांची ताटातूट झाली.

लहानपणी त्याच्याकडे गाई राखायचं काम होतं. ते त्याला मुळीच आवडत नसे. त्याला आवडत शब्द! गोऱ्या मुलांचे धडे चालले की तो कान देऊन ऐकायचा. कुठूनतरी एक फाटकंतुटकं स्पेलिंगचं पुस्तक मिळवलं. आईकडे प्रार्थनागीतांचं पुस्तक होतं, त्यातली गाणी त्याला तोंडपाठ होती. ओळखीच्या गाण्यातले शब्द छापलेल्या अक्षरांशी जुळवत जुळवत हा पठ्ठ्या वाचायला शिकला. दिवसा काम, रात्री शेकोटीचा उजेड. धुराने डोळे चुरचुरत, तरी वाचन चालूच.

तुम्ही म्हणाल, वाचायला लपूनछपून कशाला? कारण वाचणारा गुलाम मालकांना नको असायचा. वाचता आलं की माणूस विचार करतो, प्रश्न विचारतो. पुढे 1830 साली तर त्या राज्यात कायदाच झाला. गुलामाला लिहा-वाचायला शिकवायला बंदी! गोऱ्या माणसाने शिकवलं तर दंड किंवा तुरुंग, गुलामाने शिकवलं तर फटके. मी रोज पहिलीच्या वर्गात 'क' 'कमळाचा' गिरवून घेते. त्या कायद्याने मी गुन्हेगारच ठरले असते.

पुस्तकाचा मला सगळ्यांत आवडलेला भाग यानंतर येतो. तरुण जॉर्ज मालकाच्या शेतातली फळं विकायला चॅपल हिल या गावी जाई. आठ मैल, म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर चालत. तिथे विद्यापीठ होतं. विद्यार्थी आधी त्याची थट्टा करायचे, मजा म्हणून त्याला भाषण करायला लावायचे. मग त्यांना कळलं, हा तर कवी आहे! लगेच गिऱ्हाइकं जमली. कुणाला मैत्रिणीसाठी कविता हवी, तीही अशी, की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचलं की तिचं नाव तयार होईल. जॉर्ज कविता डोक्यात रचायचा, म्हणून दाखवायचा, विद्यार्थी उतरवून घ्यायचे. एका कवितेचे पंचवीस सेंट, कधी जास्तही. शिवाय विद्यार्थी त्याला पुस्तकं द्यायचे, शेक्सपिअर, मिल्टन, होमर अशा मोठमोठ्या कवींची.

वर्गात हे सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, लिहिलंच नाही तर कविता हरवल्या नसतील का?" मी म्हटलं, "आपल्या बहिणाबाई आठव." जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळता दळता त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्या माणसांनी त्या उतरवून ठेवल्या, म्हणून 1952 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. उतरवून घेणारं कुणी भेटलं नाही अशा कितीतरी बायका असतील. त्यांच्या ओव्या गेल्या, त्या गेल्याच.

जॉर्जला कॅरोलिन ली हेंट्झ या लेखिका भेटल्या. त्या तिथल्या प्राध्यापकांच्या पत्नी. त्यांनी त्याच्या कविता वर्तमानपत्रात पाठवल्या, लिहायला शिकायलाही मदत केली. 1829 साली त्याचा पहिला कवितासंग्रह छापला गेला, 'द होप ऑफ लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्याची आशा. पुस्तकाच्या पैशातून स्वतःला विकत घ्यायचं, असा बेत होता. स्वतःलाच विकत घ्यायचं! हे वाक्य वाचलं तेव्हा माझा चौथीचा वर्ग अगदी गप्प झाला. पण तेवढे पैसे जमलेच नाहीत. पुढे कितीतरी वर्षं तो मालकाला रोजचे पंचवीस सेंट भरून चॅपल हिलमध्ये राहण्याची मुभा मिळवत राहिला. स्वातंत्र्य मिळालं ते 1865 साली, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता. तेव्हा तो सदुसष्टीच्या आसपास होता.

पुस्तकात ही शेवटची वर्षं फार भराभर उरकली आहेत, ते मला जरा खटकलं. चित्रं मात्र सुरेख! उबदार रंगांची, आणि माणसांच्या चेहऱ्यांवर मनातलं सगळं दिसतं. शेवटी टेट यांनी स्वतःबद्दलही लिहिलंय. गुलामगिरीच्या गोष्टींवर काम करायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीला ठरवलं होतं. पुढे ते विचार बदलले, म्हणून तर हे पुस्तक आपल्या हाती आलं.

आई-बाबांसाठी दोन शब्द. इंग्रजी सोपं आहे, पण विषय जड आहे, तेव्हा मुलांच्या शेजारी बसून वाचा. मूल विचारेल, "आपल्याकडे असं होतं का?" तेव्हा विषय बदलू नका. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं आहे. तिथून बोलायला सुरुवात करता येईल.

आणि मुलांनो, या आठवड्यात एक गंमत करा. आजी, भाऊ, मैत्रीण, कुणाच्याही नावाची कविता करा. नावाचं एकेक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराने एकेक ओळ सुरू करायची. अट एकच, कागद-पेन्सिल वापरायची नाही. कविता डोक्यात रचायची, रात्रभर तिथेच ठेवायची, आणि सकाळी दात घासून झाल्यावर म्हणून दाखवायची. कितव्या ओळीवर अडखळलात, ते मला जरूर कळवा.