हाताची किंमत ठरली, पुढच्या दवाखान्याचं काय?

बारामती एमआयडीसी असो की इंदापूरचा साखरपट्टा, कामावर हात गेला की पहिला प्रश्न एकच, "किती मिळतील?"

गणित १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने घालून दिलं होतं. पगार १५ हजार धरा. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९ हजार. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. हात गेला म्हणजे कमाईची ताकद ६० टक्के गेली असं धरतात. एकूण ११ लाख २३ हजार.

पण हा पैसा बुडालेल्या कमाईचा. दवाखान्याची तरतूद २००९ च्या दुरुस्तीत आली, तीही झालेल्या खर्चापुरती. कृत्रिम हात झिजला, बदलावा लागला, पुन्हा ऑपरेशन निघालं, तर या गणितात त्याला रकानाच नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भाषा तीच.

आता हाच हात भिगवण रोडला उसाच्या ट्रॉलीखाली गेला असता तर? मोटार अपघात न्यायाधिकरण पुढच्या उपचारांचा खर्चही धरू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालात ती स्वतंत्र बाब म्हणून मोजलीय. हात तोच, फक्त जागा बदलली!

ईएसआयवाल्यांना निदान उपचार तरी मिळतात. मुकादमाच्या, ठेकेदाराच्या हाताखालच्यांनी कुठं जायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. डॉक्टर अपंगत्वाचे टक्के लिहितात, तसा पुढचा खर्चही लिहावा आणि कायद्याने तो धरावा. आपल्या आमदार-खासदारांनी एवढं तरी मांडावं.

तोवर बिलं जपा. 'फुल अँड फायनल'च्या कागदावर घाईत अंगठा देऊ नका.