निर्णय कोणाचा, भार कोणावर?

रायपूरनजीकची सिलतरा ही स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलची औद्योगिक वसाहत. अशा वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या कामावर कित्येक लहान वर्कशॉपे जगतात. एखाद्या छोट्या कारखानदाराने हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले की त्याने आधुनिकतेची निवड केली, असे कौतुक भांडवली वृत्तपत्रे करतात. ही निवड खरोखर त्याची असते काय?

वस्तुस्थिती निराळी आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रे पोर्टलवरच भरणे आले. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीपासून सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवरील सर्वांना लागू झाली. त्याखालचाही सुटलेला नाही. पुरवठादाराने बिल पोर्टलवर नोंदविल्याखेरीज खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळत नाही, हा नियम जानेवारी २०२२ पासून आहे. साहजिकच मोठा खरेदीदार छोट्याला बजावतो: नोंद करा, अन्यथा बिल अडेल. निर्णय कायद्याचा, अंमल बलाढ्य खरेदीदाराचा. सॉफ्टवेअरचे शुल्क आणि कर-सल्लागाराची फी मात्र छोट्याच्या माथी!

हा भार तेथेच थांबत नाही. तो मुनीमाच्या नोकरीवर आणि कंत्राटी मजुराच्या रोजावर उतरतो. ज्या संगणकात लोखंडाच्या किलोकिलोची नोंद होते, त्यात मजुराच्या जादा तासांना जागा नसावी, हा काही तंत्राचा दोष नव्हे. तो मालकी-संबंधांचा दोष आहे.

यंत्राला आंधळा विरोध ही कामगार चळवळीची भूमिका नाही. याच छत्तीसगडमधील दल्ली-राजहराच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगारांनी संपूर्ण यांत्रिकीकरणाऐवजी अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय पुढे ठेवला होता. यंत्र यावे की न यावे एवढाच प्रश्न नाही. ते कोणाच्या हितासाठी आणि कोणाच्या संमतीने येते, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सक्तीची प्रणाली छोट्या उद्योगांना सरकारी खर्चाने व भारतीय भाषांतून मिळाली पाहिजे. मुनीम-कारकुनांना प्रशिक्षण व नोकरीची हमी मिळाली पाहिजे. हजेरी, ओव्हरटाइम आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद त्याच संगणकात होऊन ती कामगाराला पाहता आली पाहिजे. छोटा कारखानदार आपला मित्र नेहमीच असतो असे नाही. परंतु मक्तेदारीच्या दडपणाविरुद्ध त्याला सोबत घेणे आणि त्याच्याच कारखान्यातील मजुराचा हक्क तसूभरही न सोडणे, ही दोन्ही कामे एकाच लढ्याची आहेत. साथींनी हा प्रश्न गेट-सभांपर्यंत नेला पाहिजे.