सनईचे बटण आणि सनईवाला

भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत खरी दिवाळी सुरू होते. गावोगाव मंडई भरते, रात्र-रात्र नाटके रंगतात आणि देसाईगंज-वडशाच्या नाटक कंपन्यांना उसंत म्हणून मिळत नाही. गेल्या साली अशाच एका नाटकात लग्नाचा प्रसंग आला आणि सनई वाजली. मोठी गोड वाजली! पण वाजवणारा होता कीबोर्डवाला. त्याने फक्त सनईचे बटण दाबले होते. गावचा म्हातारा सनईवाला प्रेक्षकांत घोंगडीवर बसून विडी ओढीत होता.

यावर आमचे शुद्धतावादी सद्गृहस्थ म्हणतात, "विजेची वाद्ये हद्दपार करा!" मला ते मान्य नाही. ज्या ऑर्गनवर त्यांचा एवढा जीव आहे, तो तरी कोठला? साहेबाच्या मुलखातलाच ना? त्याच कुळातल्या बाजाच्या पेटीला ऑल इंडिया रेडिओने 1940 साली बंदी घातली. ती तीन दशके टिकली, पण पेटी काही मेली नाही. परके वाद्य आपलेसे करण्याची ताकद आपल्यात आहे.

दुसरीकडे आहेत बटणपंथी. ते म्हणतात, "साऱ्या वाद्यांचे आवाज एका यंत्रात मावतात, मग माणसे कशाला पोसावयाची?" मी शाळामास्तर आहे, नकलेला मी गुण देत नाही. सनईची नक्कल करावयास लावणे हा सनईवाल्याचा अपमान आहेच, पण यंत्राचाही आहे. 1964 साली श्टॉकहाउझेन या जर्मन रचनाकाराने धातूच्या एका मोठ्या थाळीजवळ माइक फिरवविला आणि उमटणारा नाद त्याच क्षणी यंत्रातून गाळून, बदलून ऐकविला. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर उभारला. गीता साराभाईंसारख्यांनी त्यावर नवे नाद शोधले. यंत्राचे खरे काम ते हे!

मग आपण काय करावे? सनईवाल्याला घोंगडीवरून उठवून माइकपुढे बसवावे. त्याचा एक स्वर यंत्राने धरून ठेवावा, त्यावर त्याने पुढची फिरत घ्यावी. त्याची फुंकर क्षणभराने परत यावी, जणू डोंगरापलीकडून कोणी ओ देत आहे. शेजारच्या बस्तरात बांबूची एक बासरी आहे. ती तोंडाने फुंकीत नाहीत, हवेत फिरवितात. तिचा तो घोंघावणारा वारा अरण्याच्या प्रवेशाला यंत्राने पसरून दिला, तर पडद्यावरची रंगविलेली झाडेसुद्धा हलतील! मात्र यंत्राने कोठे बोलावे आणि कोठे गप्प राहावे, हे रचनाकाराने आधी ठरविले पाहिजे. नाहीतर तो नुसता गोंगाट.

"खर्च कोण करणार?" माइक आणि मिक्सर रंगमंचावर आहेतच. प्रतिध्वनीची कळही बहुतेक मिक्सरांत असते. आज ती केवळ खलनायकाच्या हसण्यासाठी वापरतात! वाढेल ती एका माणसाची बिदागी.

ती द्यावयास हात आखडता घ्याल, तर एक लक्षात ठेवा. बटणातली सनई दर रात्री तीच वाजेल. म्हाताऱ्याची फुंकर दर रात्री निराळी असते, आणि ती थांबली की कोणतेही बटण दाबून परत यावयाची नाही. यंदाच्या मंडईत त्याला विडी विझवावयास सांगा.