लाईक चारशे, फोकस लिंबावर

जुलैतल्या एका शनिवारी मंडईत एका मावशींनी मला भर गर्दीत अडवलं. "काय रे, फोटू काढून गेलास त्याला सहा महिने झाले. कुठंय माझा फोटू?"

मी लिंबं घ्यायला गेलो होतो. कॅमेरा घरी होता. कॅमेरा हल्ली घरीच असतो.

तर झालं होतं असं. पुण्यात राहणाऱ्या आणि नुकताच कॅमेरा घेतलेल्या आयटीवाल्याने जायच्या जागा ठरलेल्या आहेत. भिगवणचे फ्लेमिंगो, कवडी पाटचे पक्षी, पावसाळा सरता सरता कास, आणि मंडई. त्या नियमाने जानेवारीतल्या एका रविवारी मी मंडईत गेलो. ती १८८६ सालची दगडी इमारत, सकाळचा तिरपा उजेड, आणि त्या उजेडात हातात लिंबू घेऊन गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणाऱ्या या मावशी. विचारून फोटो काढला. "पुढच्या रविवारी प्रिंट आणून देतो" असं सांगितलं आणि घरी येऊन तासाभरात इन्स्टाग्रामवर टाकला. चारशेच्या वर लाईक्स! "कडक", "एक नंबर", "भाई तू नोकरी सोड" वगैरे वगैरे. पुढचा रविवार काही आला नाही.

मावशींनी झापल्यावर मात्र घरी आलो आणि मूळ फाईल उघडली. म्हटलं, मोठी, बारा बाय अठराची प्रिंट देऊ, सहा महिन्यांचं व्याज म्हणून. शंभर टक्के झूम केलं आणि गार पडलो. लिंबाच्या सालीवरचं एकूण एक छिद्र मोजता येईल इतकं स्पष्ट. मावशींचे डोळे? मऊ भात.

कारण समजायला पाच सेकंद लागले. पन्नासची लेन्स, एफ १.८, मावशी जेमतेम मीटरभर अंतरावर. माझ्या कॅमेऱ्यावर या हिशोबात जेमतेम इंचभर खोलीचा पट्टा फोकसमध्ये राहतो. कॅमेऱ्याने सगळ्यात पुढे आलेली वस्तू पकडली, म्हणजे लिंबू. एफ ४ वर गेलो असतो, फोकसचा बिंदू हाताने डोळ्यावर ठेवला असता तर काम झालं असतं. गंमत म्हणजे नेमक्या याच चुकीवरच्या किमान तीन रील्स मी 'सेव्ह' करून ठेवलेल्या सापडल्या.

आणि चारशे लोकांपैकी एकालाही हे दिसलं नाही. दिसणार कसं? माझा कॅमेरा ६००० बाय ४०००, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेलचा फोटो काढतो. इन्स्टाग्रामवर तो उभा कापून १०८० पिक्सेल रुंदीचा होतो. पंधरा-सोळा पिक्सेलांमागे एक उरतो, आणि तोही लोक बसमध्ये उभं राहून, अंगठ्याने पुढे ढकलत बघतात. लाईक मिळाले ते सुरकुत्यांना आणि तिरप्या उजेडाला. त्यातलं माझं काहीच नव्हतं. माझं काम एकच होतं, फोकस. तेच चुकलं.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा कोड रिव्ह्यू न करताच 'मस्त आहे' म्हणून मर्ज केलेला कोड. टेस्ट्स सगळ्या हिरव्या, पण त्या लिहिल्यात भलत्याच गोष्टीवर.

त्या रात्री अजून एक उद्योग केला. फोटोंच्या फोल्डरवर छोटी स्क्रिप्ट चालवून कुठल्या महिन्यात किती फोटो काढले ते मोजलं. एप्रिल ते जून मिळून ६१. त्यातले ३८ एकाच दिवशी, चुलतभावाच्या साखरपुड्यात. मोबाईलने त्याच काळात दाखवलेला इन्स्टाग्रामचा वेळ: दिवसाला सरासरी एक तास पन्नास मिनिटं. हा वेळ मी मांजरांचे व्हिडिओ बघण्यात घालवला असता तर वाईट वाटलं नसतं. पण यातला निम्मा वेळ मी फोटोग्राफीच 'करत' होतो राव! कुठला प्रीसेट, कुठली लेन्स, कोण लडाखला गेलंय... खरी मेख इथे आहे. पाककृतीचे व्हिडिओ बघून पोट भरत नाही. फोटोग्राफीचे बघून भरतं. रात्री झोपताना वाटतं, आज छंदासाठी वेळ दिला.

(त्या दिवशी बॅगेतून लेन्स काढली तर समोरच्या काचेवर बुरशीची सुरुवात. पुण्याचा पावसाळा आणि बंद कपाट. आता सिलिका जेलच्या पुड्या घालून ती आईच्या हवाबंद डब्यात असते, आणि आई तो डबा परत मागते.)

यावर मित्रांचा ठरलेला सल्ला म्हणजे "अ‍ॅप उडवून टाक". मला पटत नाही. मी एक्सपोजर शिकलो ते यूट्यूबवर. रस्त्यावरचे फोटो इतके चांगले असू शकतात हे इन्स्टाग्रामवर कळलं. आणि फोटो कुणालाच न दाखवण्यातही काही तप नाही. शिकागोच्या विवियन मायरबाई आयुष्यभर मुलं सांभाळायची नोकरी करत लाखभर फोटो काढून बसल्या आणि जवळपास कुणालाच दाखवले नाहीत. २००७ साली लिलावात त्यांचं सामान गेलं तेव्हा त्यातले कित्येक रोल धुतलेलेसुद्धा नव्हते. ते फोटो त्यांनी स्वतःही पाहिले नव्हते. मला तसं व्हायचं नाहीये. मला दाद हवी आहे, खोटं कशाला बोलू? फक्त ती आधी मिळते आणि काम नंतर, हा क्रम उलटा करायचाय. इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी २०२१ मध्येच सांगून टाकलंय की हे आता नुसतं फोटो शेअर करायचं अ‍ॅप राहिलेलं नाही. मग आपणच का त्याला गुरुकुल समजून बसलोय?

सध्या इतकंच ठरवलंय की फोटो आधी कागदावर, मग पडद्यावर. चार बाय सहाची साधी प्रिंट काढायची, टेबलावर आठवडाभर ठेवायची, आणि तरी आवडली तर टाकायची. दोन महिन्यांत तीनच फोटो टाकलेत. फॉलोअर्स घटले. काढलेले फोटो मात्र साडेआठशे. बहुतेक भिकार आहेत, पण निदान का भिकार आहेत ते आता मला सांगता येतं.

आणि हो, मावशी. पुढच्या शनिवारी कॅमेरा घेऊन गेलो. एफ ४, आयएसओ ३२००, बिंदू डोळ्यावर. "किती काढशील? गिऱ्हाईक थांबलंय" असं दोनदा ऐकून घेतलं. नव्याची प्रिंट काढली, तुलनेसाठी जुन्याचीही काढली, आणि दोन्ही घेऊन गेलो. म्हटलं, बघा मावशी, काय फरक आहे तो.

मावशींनी ओले हात पदराला पुसून दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी धरल्या. बराच वेळ बघितल्या. मग जुनी, डोळे मऊ असलेली उचलली आणि नीट पिशवीत ठेवली.

"यात मी तरणी दिसते," म्हणाल्या. "ती तुला ठेव."