रसाआडचे मद्य

व्होडका आणि क्रॅनबेरीचा रस एवढ्याच साहित्याचे ‘केप कॉडर’ हे अमेरिकी पेय. मॅसॅच्युसेट्समधील क्रॅनबेरीच्या पट्ट्यावरून त्याला हे नाव पडले. त्यात ग्रेपफ्रूटचा रस घातला की ‘सी ब्रीझ’, संत्र्याचा घातला की ‘मद्रास’. फळांच्या रसामुळे ही पेये निरुपद्रवी वाटतात, आणि खरी अडचण तीच आहे.

क्रॅनबेरीने मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग टळतो, असा दावा करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मुभा दिली. पण पुरावा मर्यादित व विसंगत असल्याचे सांगण्याच्या अटीवर. तो दावाही रसाचा आहे, कॉकटेलचा नाही. उलट मद्याने मूत्राशयाचा दाह वाढू शकतो. रसातील साखर मद्याची चव झाकते. ग्रेपफ्रूटमुळे तर कोलेस्टेरॉलच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मद्याच्या बाटलीवरील इशाऱ्यात कर्करोगाचा उल्लेख करण्याची शिफारस केली. मात्र असा इशारा छापला, तरी तो बाटलीवरच राहील. लालचुटूक ग्लास हातात घेणाऱ्याने मोजायचे ते मद्य; रस कितीही घातला तरी ते कमी होत नाही.