गोगलगायीची नमुना सही

आपल्या देवघरातला शंख म्हणजे एका समुद्री गोगलगायीचे रिकामे घर, असे सांगितले की घरातली वडीलधारी मंडळी थोडी नाराज होतात. पण खरे तेच आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली या गोगलगायीचे शास्त्रीय नाव छापले. तिचे कुळ पुढे बदलले गेले, पण त्याने दिलेला 'पायरम' हा शब्द अजून टिकून आहे. पायरम म्हणजे नासपती! शंखाला नासपती म्हणणाऱ्याने आपल्या घरची आरती कधी पाहिली नव्हती, हे उघडच आहे.

गोगलगायींना नावे ठेवण्याचा, म्हणजे चांगल्या अर्थाने नावे ठेवण्याचा, उद्योग आपल्या नागपुरातही झाला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या गोगलगायी मात्र फारशा कुणाला ठाऊक नसतात. शाळा आणि धर्मप्रचार सांभाळून हा माणूस दगड फोडत हिंडे. नागपूरजवळच्या टाकळीला काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना शिंपले, बिया, किडे सापडले. टाकळी आता शहराच्या पोटात गेली आहे.

या गाळातली सर्वांत ठळक गोगलगाय म्हणजे फायसा प्रिन्सेपाय. तिचे वर्णन सॉवर्बी यांनी १८४० सालीच लंडनमध्ये केले होते. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा जेम्स प्रिन्सेप, त्याचे नाव तिला मिळाले. गंमत अशी की ही डबक्यातली गोगलगाय डाव्या वळणाची असते. आपण ज्याला दक्षिणावर्ती शंख म्हणतो आणि ज्याच्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, त्याचे वळण शास्त्राच्या भाषेत हेच. म्हणजे नागपूरच्या दगडांत दक्षिणावर्ती गोगलगायींची रासच पडली आहे म्हणायची! गोड्या पाण्यातली असल्यामुळे तिला कुणी विचारत नाही, एवढेच.

हिस्लॉप यांच्याकडे दुसरेही शिंपले आले, ते राजमहेंद्रीजवळचे, आणि त्यांत समुद्रातले प्राणी होते. पैठणला आपण जिच्यात पाय बुडवतो ती गोदावरी राजमहेंद्रीवरूनच समुद्राकडे जाते. तिथेही आपल्यासारखाच काळा पाषाण आहे. आपल्याकडच्या ज्वालामुखींचा लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून हजारएक किलोमीटर वाहत तिकडे पोहोचला, असे अलीकडच्या काही संशोधकांचे मत आहे. ज्या पाषाणात वेरूळचे कैलास कोरले, ज्यावर आपले छत्रपती संभाजीनगर उभे आहे, त्याचेच हे लांबचे भाऊबंद. तिथल्या शिंपल्यांत एक उंच, निमुळती, स्क्रूसारखी समुद्री गोगलगाय होती. हिस्लॉप यांनी १८६० साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात तिला टरिटेला प्रीलाँगा हे नाव दिले. अर्थ साधा आहे, फार लांब मनोरी.

नवी जात जाहीर करणे म्हणजे नेमके काय? शिंपल्याला वेढे किती, दोन वेढ्यांमधली सांधरेषा खोल की उथळ, अंगावरच्या बारीक रेघा किती आणि कशा, तोंड गोल की चौकोनी, टोकाशी असलेले बाळपणीचे वेढे कसे, हे सगळे मोजायचे. मग आजवर छापलेल्या जवळच्या सगळ्या जातींशी ताडून पाहायचे. कुणाशीच जुळले नाही तर नाव, वर्णन आणि चित्र छापायचे. आणि एक नमुना कायमचा संग्रहालयात क्रमांक घालून ठेवायचा.

मी उभी हयात बँकेत काढली, त्यामुळे हा शेवटचा भाग मला फार जवळचा वाटतो. खाते उघडताना आम्ही नमुना सहीचे कार्ड घेत असू. पुढे तीस वर्षांनी चेक आला, तर तो कार्डाशी ताडायचा. मॅनेजरला काय वाटते याला किंमत नाही. तो ठेवलेला शिंपला म्हणजे त्या जातीची नमुना सही. नावाचा नियमही बँकेसारखाच कडक आहे. आधी रीतसर छापले गेले ते नाव ग्राह्य. कादंबरीकाराला दुसऱ्या आवृत्तीत नायिकेचे नाव बदलता येते, इथे तशी सोय नाही.

हिस्लॉप यांनी त्या थरांचे वय चुकीचे ठरवले होते. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच ते टर्शरी, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या, काळातले म्हटले आहेत. आज बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराचा मानतात, आणि नागपूरचे बरेच थर त्याआधीचे. मत मागे पडले, पण नमुने होते म्हणून पुढच्या माणसांना ते पुन्हा हातात घेऊन तपासता आले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून एकटेच घोड्यावरून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयात आहे. तामिळनाडूतल्या समुद्री गोगलगायींचे वर्णन करणारा स्टोलिच्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता, म्हणून त्याचे नमुने निदान कोलकात्यात राहिले. पुण्याच्या आघारकर संस्थेतही जीवाश्मांचा संग्रह आहे. कच्छच्या जुन्या समुद्रातल्या गोगलगायींवर तिथल्या संशोधकांनी काम केले आहे. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असे मुळीच नाही.

मला काळजी आहे ती ज्या दगडांना कपाटच मिळत नाही त्यांची. विदर्भात विहीर खणताना, रस्त्याची खडी फोडताना असे दगड निघतात आणि क्रशरमध्ये जातात. जीवाश्मस्थळांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. पण क्रशर मसुदे वाचत नाही. माझ्या मते पहिला बंदोबस्त तालुक्याच्या कॉलेजात व्हायला हवा. एक कुलुपाचे कपाट आणि एक नोंदवही, एवढा खर्च कोणत्याही स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा कमीच येईल.

तुमच्या शेतात किंवा गावच्या कामावर गोगलगायीच्या आकाराचा दगड निघाला, तर तो घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू नका. जागा नोंदलेली नसेल तर तो तारखेविना व्हाउचरसारखा, कुणाच्याच उपयोगाचा नाही. कागदावर गाव, गट क्रमांक आणि तारीख लिहा, तो कागद दगडासोबत बांधा आणि जवळच्या भूगर्भशास्त्र विभागात नेऊन द्या. दगड विहिरीतून निघाला असेल, तर किती हातांवर निघाला तेही लिहा.